एच. पायलोरी: जठराच्या तुकड्यात दिसणारी प्रतिकारशक्ती

एन्डोस्कोपीत काढलेला जठराचा तुकडा काचपट्टीवर वाचायला घेतला की बॅक्टेरिया लगेच दिसत नाही. आधी गर्दी दिसते. अस्तराखालच्या जागेत प्लाझ्मा पेशी दाटलेल्या असतात, मधूनमधून लिम्फोसाइटचे गोल पुंजके असतात आणि ग्रंथींच्या मानेत न्यूट्रोफिल घुसलेले असतात. संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची ही गर्दी बघूनच आम्ही पॅथॉलॉजिस्ट तेलाचा थेंब टाकून शंभरच्या लेन्सखाली हेलिकोबॅक्टर पायलोरी (एच. पायलोरी) हा बॅक्टेरिया शोधायला बसतो. म्हणजे आम्ही त्याला ओळखायच्या कितीतरी आधी शरीराने ओळखलेलं असतं. आपल्याकडे ही लागण बहुधा लहानपणीच घरातून होते आणि उपचार झाले नाहीत तर सहसा जन्मभर राहते. इतकी वर्षं शरीर त्याच्यावर तुटून पडलेलं असतं, तरी तो जात नाही, आणि दरम्यान जठराचं जे नुकसान होतं त्यातलं बरंचसं या चालू राहिलेल्या सुजेमुळे होतं. एन्डोस्कोपी करून घेणाऱ्याला हे नीट कळलं तर हातातला रिपोर्ट वाचता येतो आणि औषधांचा कोर्स अर्धवट सुटत नाही. म्हणून तपासणीच्या आधीपासून क्रमाने लिहितो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आधीच्या पंधरा दिवसांत. नागपुरात गॅसची गोळी नसलेलं घर सापडणं कठीण. सावजीचा रस्सा झाला, लग्नाची पंगत झाली, रात्रपाळी झाली की सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल. वर्षानुवर्षं ती घेणारा माणूस ‘मी कोणतंच औषध घेत नाही’ असं अगदी खरेपणाने सांगतो, कारण त्याच्या लेखी ते औषधच नसतं. म्हणून ‘औषध चालू आहे का’ असं विचारून भागत नाही. ‘गॅसची गोळी कोणती घेता, शेवटची कधी घेतली’ असंच विचारावं लागतं. ‘गोळी बंद केली की परत जळजळ चालू होऊन राहिली’ असं उत्तर आलं की समजायचं, गोळी रोजची आहे.

या गोळीने आम्ल कमी होतं, बॅक्टेरियाची संख्या घटते आणि जठराच्या खालच्या भागातून, म्हणजे अँट्रममधून, तो वरच्या भागाकडे सरकतो. न्यूट्रोफिलही ओसरतात. अशा वेळी काढलेला तुकडा साफ दिसतो आणि ‘बॅक्टेरिया नाही’ असा चुकीचा रिपोर्ट हातात पडतो. जिवंत बॅक्टेरिया शोधणाऱ्या सगळ्याच तपासण्यांना, युरिएज चाचणी, तुकडा, श्वासाची तपासणी, शौचाची तपासणी, हाच नियम लागू आहे: ओमेप्राझोल-पँटोप्राझोल गटातल्या गोळ्या 2 आठवडे बंद आणि अँटिबायोटिक व बिस्मथ 4 आठवडे बंद. मधल्या काळात जळजळ असह्य झाली तर साधं अँटासिड सिरप चालतं. मात्र ज्यांना आधी अल्सरमधून रक्तस्राव झाला आहे किंवा जे हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेतात, त्यांनी कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. त्यांच्यासाठी गोळी चालू ठेवून तपासणी करणं आणि ‘नाही’ असा निकाल आल्यास त्यावर पूर्ण विश्वास न ठेवणं, हाच सुरक्षित मार्ग आहे.

तिखटाबद्दलही इथेच सांगितलेलं बरं. सावजीने किंवा तर्रीने अल्सर होत नाही. आधीच सुजलेल्या अस्तरावर तिखट झोंबतं आणि दुखणं लक्षात येतं, इतकंच. अल्सरची दोन मोठी कारणं म्हणजे हा बॅक्टेरिया आणि दुखण्यावरच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनसारख्या. तिखट सोडून वर्षभर वरणभातावर राहिलेल्या माणसाच्या तुकड्यातही बॅक्टेरिया तितकाच असतो.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाणाऱ्यांची अडचण वेगळी असते. विदर्भात अनेकांचं तोंड खर्ऱ्यामुळे आखडलेलं असतं, दोन बोटंही आत जात नाहीत. एन्डोस्कोपीच्या वेळी दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी बसवून त्यातून नळी जाते, ती कडीच बसत नाही. हे टेबलावर झोपल्यावर कळण्यापेक्षा नंबर लावतानाच सांगावं. बारीक नळी नाकातून घालायची सोय काही ठिकाणी असते. ती नसेल तर आधी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून पुढचं ठरवता येतं. उपाशी राहण्याचा नियम साधा आहे: आदल्या रात्री हलकं जेवण, त्यानंतर 6 ते 8 तास घन अन्न नाही. गडचिरोली, गोंदिया किंवा बालाघाटहून सकाळची बस पकडून येणारे मधुमेही अनेकदा उपाशीपोटी इन्सुलिन टोचून निघतात आणि इथे पोचेपर्यंत साखर खाली गेलेली असते. त्या दिवशीचा डोस आधीच विचारून घ्यायचा.

नळी आत गेली की तुकडे घेणं हे काही मिनिटांचं काम, पण कुठून घेतले त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. सुधारित सिडनी पद्धतीत पाच तुकडे सांगितले आहेत: अँट्रममधून दोन, जठराच्या वळणावरून एक आणि वरच्या भागातून, म्हणजे बॉडीमधून, दोन. अँट्रमचे तुकडे पायलोरसपासून, म्हणजे जठराच्या खालच्या तोंडापासून, 2 ते 3 सेंटिमीटरवरचे असावेत. प्रत्येक तुकडा ज्वारीच्या दाण्याएवढा, त्याहून लहानच. जागेप्रमाणे बाटल्या वेगळ्या हव्यात. पाचही तुकडे एकाच बाटलीत आले तर सूज खालच्या भागात आहे की वरच्या, हे खात्रीने सांगता येत नाही, आणि रुग्णाचं पुढे काय होणार हे तर नेमकं त्यावरच ठरतं. खर्च वाचवण्यासाठी अँट्रममधून एकच तुकडा घेण्याची पद्धत अजून दिसते. गोळ्या चालू असलेल्या रुग्णात ती हमखास फसते.

युरिएज चाचणी तिथल्या तिथे होते. छोट्या खाचेत पिवळसर जेल असतं, त्यात युरिया आणि फिनॉल रेड हे रंगद्रव्य. सुईच्या टोकाने तुकडा जेलमध्ये पूर्ण दाबायचा, वर तरंगत ठेवायचा नाही. बॅक्टेरिया असेल तर त्याचं युरिएज हे एन्झाइम युरियाचे तुकडे करून अमोनिया तयार करतं. जेल अल्कधर्मी होतं आणि तुकड्याच्या कडेने गुलाबी छटा पसरायला लागते. बॅक्टेरिया भरपूर असले तर काही मिनिटांतच खाच राणी रंगाची होते. कमी असले तर कित्येक तास लागतात. म्हणून पिवळं दिसलं तरी 24 तासांपर्यंत बघायचं, आणि त्यानंतर बदललेला रंग धरायचा नाही, कारण युरिएज असलेले इतर बॅक्टेरिया तोपर्यंत वाढतात. जठरात ताजं रक्त असेल तर ही चाचणी खोटी ‘नाही’ येऊ शकते. आपल्याकडे उन्हाळ्याचा त्रास वेगळाच. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. त्या दिवसांत फ्रिजमधलं किट टेबलावर विसरलं आणि तुकडा टाकण्याआधीच जेल नारिंगी झालं, तर ते सरळ फेकायचं. फ्रिजमधून काढलेलं थंडगार जेलही लगेच वापरू नये, रंग उशिरा बदलतो.

ही चाचणी आम्हाला सोपी वाटते, पण याच एन्झाइमवर बॅक्टेरियाचा जीव अवलंबून असतो. जठराच्या पोकळीत आम्लता पीएच 1 ते 2 असते. तिथे तो फार वेळ टिकत नाही. अमोनियाने स्वतःभोवतीचं आम्ल मारत, एका टोकाला असलेल्या चार-सहा शेपट्यांच्या जोरावर तो म्युकसच्या, म्हणजे अस्तरावरच्या चिकट स्रावाच्या, थरात शिरतो आणि पेशींजवळ पोचतो. तिथे पीएच जवळपास 7 असतो. बहुतेक बॅक्टेरिया म्युकसमध्येच पोहत राहतात, थोडेच पेशींना चिकटतात. आतल्या ऊतीत तो सहसा शिरत नाही, आणि पुढचा सगळा पेच इथूनच सुरू होतो.

प्रयोगशाळेत तुकडा 10 टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये यायला हवा, तुकड्याच्या किमान दहापट द्रावणात. सलाइनमध्ये पाठवलेला किंवा गॉजवर वाळलेला तुकडा आमच्या काही कामाचा नसतो. पेशी कुजलेल्या किंवा आकसलेल्या दिसतात. किमान 6 तास तो द्रावणात मुरला की मेणाचा ब्लॉक करून 4 मायक्रॉन जाडीचे काप काढतात. तुकडा ब्लॉकमध्ये कडेवर उभा बसवावा लागतो. आडवा बसला तर म्युकसपासून स्नायूच्या पातळ थरापर्यंतचा पूर्ण छेद मिळत नाही, ग्रंथी किती उरल्या ते मोजता येत नाही, आणि नसलेली झीज असल्यासारखी वाटते. एक काप नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवतो, दुसरा जीम्साने. जीम्सात बॅक्टेरिया निळा उठून दिसतो: 2 ते 4 मायक्रॉन लांबीच्या, किंचित वळलेल्या काड्या, म्युकसमध्ये आणि अस्तरातल्या बारीक खड्ड्यांच्या तोंडाशी पेशींना समांतर. गोळ्या घेतलेल्यांमध्ये तो आखडून गोल होतो आणि म्युकसच्या कणांत हरवतो. शंका राहिली तर अँटिबॉडीने रंगवायची इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतात. हा बॅक्टेरिया पहिल्यांदा नीट बघितला तोही एका पॅथॉलॉजिस्टनेच. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे रॉबिन वॉरन यांना तो 1979 मध्ये जठराच्या तुकड्यांत सुजेच्या शेजारी दिसला, आणि बॅरी मार्शल यांच्यासोबत 1982 मध्ये त्यांनी तो प्रयोगशाळेत वाढवला. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

लागणीचे पहिले दिवस आम्हाला काचपट्टीखाली जवळपास कधीच दिसत नाहीत, कारण तेव्हा कोणी एन्डोस्कोपी करत नाही. मार्शल यांनी 1984 मध्ये बॅक्टेरियाचं द्रावण स्वतः पिऊन दाखवलं, त्यामुळे तो काळ माहीत झाला. दहाव्या दिवशी काढलेल्या तुकड्यात बॅक्टेरिया होते आणि न्यूट्रोफिलची दाट सूजही होती. हा शरीराचा पहिला प्रतिसाद. जठराच्या अस्तराच्या पेशी स्वतःच पहारा देतात. बॅक्टेरियाकडे सुईसारखं एक यंत्र असतं, टाइप फोर सिक्रिशन सिस्टिम. त्याची जनुकं ज्या पट्ट्यात असतात त्याला कॅग पॅथोजेनिसिटी आयलंड म्हणतात. या यंत्रातून तो पेशीत कॅग-ए हे प्रथिन सोडतो. सोबत त्याच्या भिंतीचे आणि साखरेचे बारीक रेणूही आत जातात. त्यांना पेशीतले नॉड-1 आणि अल्पके-1 हे रिसेप्टर ओळखतात. सुजेची जनुकं चालू करणारं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन जागं होतं आणि पेशी इंटरल्युकिन-8 सोडते. या रसायनाचा माग काढत रक्तातले न्यूट्रोफिल तिथे पोचतात.

काचपट्टीवर ही घटना अगदी जवळून दिसते. चाळीसच्या लेन्सखाली खड्ड्याच्या मानेशी थांबलं की दोन अस्तरपेशींच्या मधे तीन-चार कप्प्यांचं केंद्रक असलेला न्यूट्रोफिल शिरताना दिसतो. कुठे खड्ड्याच्या पोकळीत पाच-सहा जमलेले असतात. आजूबाजूच्या पेशींचा म्युकस आटलेला, केंद्रकं मोठी झालेली, काही पेशी गळून पडलेल्या. आणि त्याच खड्ड्याच्या तोंडाशी, हातभर अंतरावर म्हणावं तसे, बॅक्टेरिया निवांत. न्यूट्रोफिल त्याला मारायला हायपोक्लोरस आम्ल आणि ऑक्सिजनचे दाहक रेणू सोडतात. बॅक्टेरियाकडे कॅटॅलेज आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज ही त्यावरची उतार-औषधं असतात, त्यामुळे त्याला फारसं काही होत नाही. त्याने तयार केलेला अमोनिया न्यूट्रोफिलच्या हायपोक्लोरस आम्लाशी मिसळून मोनोक्लोरामाइन बनतं. ते पेशींच्या आवरणातून सहज आत शिरतं आणि आपल्याच अस्तराला जाळतं. रोज, वर्षानुवर्षं.

रिपोर्टमध्ये ‘क्रॉनिक अ‍ॅक्टिव्ह गॅस्ट्रायटिस’ लिहिलेलं असतं त्यातला ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे हे न्यूट्रोफिल. ‘क्रॉनिक’ म्हणजे नंतर येऊन मुक्काम ठोकलेले लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी. रुग्ण ‘अ‍ॅक्टिव्ह’ वाचून घाबरतात. आता काहीतरी भयंकर सुरू झालं असा त्याचा अर्थ नाही, पण बॅक्टेरिया बहुधा अजून आहे असा नक्की आहे.

दुसरा प्रतिसाद हळू बसतो आणि टिकून राहतो. मॅक्रोफेज आणि डेंड्रिटिक पेशी बॅक्टेरियाचे तुकडे लिम्फोसाइटपैकी टी-पेशींना दाखवतात. टी-पेशी मुख्यतः दोन वाटांनी जातात: टी-एच-1, ज्या इंटरफेरॉन गॅमा सोडतात, आणि टी-एच-17, ज्या इंटरल्युकिन-17 सोडून आणखी न्यूट्रोफिल बोलावतात. बी-पेशींपासून प्लाझ्मा पेशी होतात आणि त्या आयजीजी, आयजीए या अँटिबॉडी भरपूर तयार करतात. निरोगी जठरात लिम्फोसाइटचे गोल पुंजके जवळपास नसतातच. ते दिसले, त्यातही मधे फिकट केंद्र असलेले, तर आम्ही बॅक्टेरिया सापडेपर्यंत शोध सोडत नाही. लहान मुलांत हे पुंजके इतके होतात की एन्डोस्कोपीतच अँट्रम गाठीगाठींचं दिसतं. याच पुंजक्यांतून क्वचित माल्ट लिम्फोमा हा कॅन्सर होतो. त्याच्या सुरुवातीच्या अवस्थेत केवळ बॅक्टेरिया मारल्याने बहुसंख्य रुग्णांचा कॅन्सर मागे हटतो. प्रतिकारशक्तीला सतत चिथावणी मिळाली तर काय होतं, आणि चिथावणी थांबली तर काय होतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण पॅथॉलॉजीत मी दुसरं पाहिलेलं नाही.

मग हे सगळं असूनही तो का टिकतो? पहिलं कारण जागेचं. अँटिबॉडी आणि पेशी आत, बॅक्टेरिया बाहेर म्युकसमध्ये. तिथे पोचलेल्या अँटिबॉडी आम्लात टिकत नाहीत आणि म्युकसबरोबर वाहून जातात. दुसरं कारण त्याच्या वेषाचं. इतर बॅक्टेरियांच्या आवरणातला लिपिड-ए हा रेणू टीएलआर-4 या जंतू ओळखणाऱ्या रिसेप्टरला खडबडून जागं करतो. एच. पायलोरीने त्यावरचे फॉस्फेट काढून टाकून तो बराच निष्प्रभ केलेला असतो. शेपटीतलं फ्लॅजेलिनही असं बदललेलं असतं की टीएलआर-5 त्याला पकडत नाही. वर आवरणावर आपल्याच रक्तगटाशी संबंधित लुइस साखरा लावलेल्या. तिसरं कारण, तो टी-पेशींना उघडउघड दाबतो. व्हॅक-ए हे त्याचं विष टी-पेशींची वाढ थांबवतं, गॅमा ग्लुटामिल ट्रान्सफरेज हे एन्झाइमही तेच करतं. आर्जिनेज हे एन्झाइम आर्जिनीन संपवतं, त्यामुळे मॅक्रोफेजला नायट्रिक ऑक्साइड बनवायला कच्चा मालच उरत नाही.

चौथं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात शरीराचा शहाणपणा आहे. सूज मर्यादेबाहेर गेली तर जठरच फाटेल, म्हणून नियामक टी-पेशी इंटरल्युकिन-10 आणि टीजीएफ-बीटा सोडून प्रतिसादाला लगाम घालतात. लागण झालेल्या मुलांमध्ये या पेशी मोठ्यांपेक्षा जास्त आणि सूज कमी आढळते. लगाम असल्यामुळे बहुतेक लोकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. त्याच लगामामुळे बॅक्टेरियाही जगतो. शिवाय सुजलेल्या पेशींच्या पृष्ठभागावर सायलिल-लुइस-एक्स ही साखर वाढते आणि साब-ए नावाच्या प्रथिनाने बॅक्टेरिया नेमका तिलाच पकडतो. म्हणजे सुजेमुळे त्याला चिकटायला नवी जागा मिळते. ‘प्रतिकारशक्ती वाढवा म्हणजे आपोआप जाईल’ हा सल्ला म्हणूनच इथे लागू पडत नाही. काढे आणि चूर्णं घेऊन वाट बघण्यात वर्षं जातात.

सूज कुठे आहे त्यावर आजार ठरतो. ती मुख्यतः अँट्रममध्ये असेल तर तिथल्या, आम्लाला लगाम घालणारं सोमॅटोस्टॅटिन सोडणाऱ्या पेशी दबतात, आम्ल वाढवणारं गॅस्ट्रिन वाढतं, आम्ल जास्त तयार होतं आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला, ड्युओडेनममध्ये, अल्सर होतो. ती वरच्या भागात पसरली तर इंटरल्युकिन-1-बीटा हे सुजेचं रसायन आम्ल तयार करणाऱ्या पेशींना दाबतं, हळूहळू त्या ग्रंथीच नष्ट होतात आणि आम्ल कमी होतं. त्या जागी आतड्यासारख्या पेशी उगवतात. याला इंटेस्टिनल मेटाप्लाझिया म्हणतात. तिथून डिस्प्लाझिया, म्हणजे कॅन्सरआधीची बिघडलेली पेशीवाढ, आणि काहींमध्ये कॅन्सर, असा हा वर्षानुवर्षांचा उतार आहे. 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने या बॅक्टेरियाला पहिल्या गटातला कॅन्सरकारक ठरवलं. लागण झालेल्यांपैकी मोजक्याच लोकांना कॅन्सर होतो, हेही तितकंच खरं. म्हणून रिपोर्टमध्ये पाच गोष्टींची तीव्रता बघावी: न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट-प्लाझ्मा पेशी, ग्रंथींची झीज, मेटाप्लाझिया आणि बॅक्टेरियाची संख्या. शेवटच्या संख्येकडेच सगळे बघतात. आम्ही आधी झीज आणि मेटाप्लाझिया बघतो, कारण बॅक्टेरिया औषधाने जातो, मेटाप्लाझिया सहसा जात नाही.

रक्तातल्या आयजीजी तपासणीबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण पॅकेजमध्ये ती सर्रास घातलेली असते. आयजीजी सापडलं म्हणजे शरीराची कधीतरी या बॅक्टेरियाशी गाठ पडली होती. तो आज आहे की नाही हे त्यातून कळत नाही. उपचाराने तो पूर्ण गेल्यावरही ही अँटिबॉडी कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं राहते. ‘औषध घेतलं तरी पॉझिटिव्हच आहे’ म्हणून दुसरा, तिसरा अँटिबायोटिकचा कोर्स झालेले लोक आहेत, आणि त्यातले काही पहिल्याच कोर्सने बरे झालेले असणार. आयजीएम ही दुसरी अँटिबॉडी तपासणं तर या आजारात उपयोगाचंच नाही.

उपचार डॉक्टर ठरवतात, पण त्याची रचना माहीत असावी. आता जास्त भर 14 दिवसांच्या बिस्मथवाल्या चार औषधांवर आहे: आम्ल कमी करणारी गोळी दिवसातून दोनदा जेवणाआधी अर्धा तास, बिस्मथ चार वेळा, टेट्रासायक्लिन 500 मिलिग्रॅम चार वेळा आणि मेट्रोनिडाझोल तीन ते चार वेळा. क्लॅरिथ्रोमायसिनची जुनी तिहेरी औषधयोजना भारतात आता भरवशाची राहिलेली नाही, कारण बॅक्टेरिया त्याला दाद देत नाही. मेट्रोनिडाझोललाही आपल्याकडे बॅक्टेरियाचा मोठा विरोध आहे, पण बिस्मथसोबत पूर्ण डोस आणि पूर्ण 14 दिवस दिलं तर तो बराचसा भरून निघतो. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर किंवा अँटासिडबरोबर घेतलं तर अंगात उतरत नाही. बिस्मथने शौचास काळं होतं आणि जीभही काळवंडते, ते रक्त नव्हे. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू नको. तोंड कडू होतं, मळमळतं, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी थोडं बरं वाटलं की लोक गोळ्या सोडतात. कोर्स फसण्याचं हेच मोठं कारण, आणि अर्धवट औषधातून वाचलेला बॅक्टेरिया पुढच्या वेळी जास्त चिवट असतो. तंबाखू आणि विडीनेही औषधांचं यश कमी होतं.

कोर्स संपल्यावर किमान 4 आठवड्यांनी, गॅसची गोळी 2 आठवडे बंद ठेवून, बॅक्टेरिया गेला का हे बघायलाच हवं. त्यासाठी परत एन्डोस्कोपी लागतेच असं नाही. श्वासाच्या तपासणीत उपाशीपोटी एक फुंकर घेतात, मग कार्बन-13 लावलेला 75 मिलिग्रॅम युरिया पाण्यातून देतात आणि अर्ध्या तासाने दुसरी फुंकर. आधी चूळ भरायची, कारण तोंडातल्या बॅक्टेरियातही युरिएज असतं. किरणोत्सर्गी कार्बन-14 ची तपासणी गरोदर बाईला आणि मुलांना टाळतात. शौचातली अँटिजेन तपासणी तितकीच चांगली आहे, पण नमुना कोरड्या स्वच्छ डबीत, कोणतंही द्रावण न घालता हवा आणि थंड राहायला हवा. 2 ते 8 अंशांवर तो 72 तासांपर्यंत टिकतो. चंद्रपूरहून मे महिन्यात एसटीच्या डब्यात पिशवीत ठेवून आणलेल्या नमुन्याचा ‘निगेटिव्ह’ मी मानणार नाही. बर्फाच्या पाऊचमध्ये आणा. पातळ जुलाबाचा नमुनाही टाळावा, त्यात अँटिजेन विरळ झालेलं असतं.

बॅक्टेरिया गेल्यावरचा तुकडा बघण्यासारखा असतो. न्यूट्रोफिल पहिले जातात, काही आठवड्यांत. पेशींचा म्युकस परत भरतो. उपचारानंतरही न्यूट्रोफिल दिसले तर बॅक्टेरिया कुठेतरी उरला आहे असं धरून आम्ही पुन्हा शोधतो. प्लाझ्मा पेशी आणि लिम्फोसाइट मात्र सावकाश हटतात, एक वर्ष, दोन वर्षं, पुंजके त्याहूनही जास्त. त्यामुळे सहा महिन्यांनंतरच्या तुकड्यात ‘सौम्य क्रॉनिक गॅस्ट्रायटिस’ लिहिलेलं दिसलं, न्यूट्रोफिल नाहीत आणि बॅक्टेरिया नाही, तर पुन्हा अँटिबायोटिक घेण्याचं कारण नाही.

शरीराला आधीच तयार केलं तर ते लागण रोखू शकतं, हे लशीच्या एका प्रयोगातून दिसलं आहे. चीनमध्ये 6 ते 15 वर्षांच्या मुलांना युरिएजच्या एका भागापासून केलेली तोंडावाटे लस दिली होती. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या वर्षात ती 71.8 टक्के परिणामकारक ठरली. इथल्या दवाखान्यात ती मिळत नाही, त्यामुळे लागण झालेल्या माणसाला आजही औषध आणि त्यानंतरची तपासणी हाच मार्ग आहे.

झीज किंवा मेटाप्लाझिया खालच्या आणि वरच्या दोन्ही भागांत पसरलेला असेल तर बॅक्टेरिया गेल्यावरही साधारण दर 3 वर्षांनी एन्डोस्कोपी करावी, घरात कोणाला जठराचा कॅन्सर असेल तर त्याहून लवकर. तेव्हा जुना रिपोर्ट सोबत न्या, आणि दुसरं मत हवं असेल तर प्रयोगशाळेकडून मेणाचा ब्लॉक मागून घ्या. काचपट्टीचा रंग वर्षांनी फिका पडतो, ब्लॉकमधून नवा काप काढता येतो, आणि तीन वर्षांपूर्वीच्या ग्रंथी आजच्या ग्रंथींच्या शेजारी ठेवून वाचता येतात.